सत्तर पानांचा पुडा

मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस उभ्या गोंदिया जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा मामा निघाला. चिचगडला उन्हाळ्यात विडीसाठी तेंदूपत्ता जमा करायची फडी लागते, तिथे मामाजी पुडे मोजून घेणारे मुन्शी होते. सत्तर पानांचा एक पुडा. बाई कितीही ओळखीची असो, एकोणसत्तर पानांचा पुडा तिला परत मिळायचा. खुद्द मामींचाही त्यांनी एकदा परत केला. त्या दिवशी मामींनी ताटात भात वाढला, वरण वाढलं नाही. देवळाच्या पायऱ्या मामाजी चढताना मोजायचे आणि उतरताना पुन्हा मोजायचे. मी हसलो की म्हणायचे, "पाहून घ्यावं लागते बापू. जमान्याचा भरोसा नाई."

मी अमेरिकेत पीएच.डी.ला गेलो. उन्हाळ्याचे तीन महिने मला ठेवून घ्यायची सोय माझ्या प्राध्यापकांकडे नव्हती, म्हणून जानेवारीपासून मी संशोधनाच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करत सुटलो. नकारच यायचे. सरकारी प्रयोगशाळांना त्यांच्या देशाचे नागरिक हवे असत, आणि कंपन्या व्हिसाचं नाव काढलं की गप्प होत. दर रविवारी मी मामाजींना फोन करायचो. त्यांच्या मोबाईलला रेंज फक्त हापशीजवळ यायची आणि ओरडल्याशिवाय त्यांना फोनवर बोलता येत नसे, त्यामुळे पाणी भरायला आलेल्या साऱ्या बायांना माझे नकार तोंडपाठ झाले होते.

"मामाजी, परदेशी म्हणून कोणी घेऊनच नाई राहिलं," मी एकदा रडकुंडीला येऊन म्हणालो.

"किती झाले?"

"एकेचाळीस."

"मंग आत्ताच कायले रडून राहिला? पुडा भरू दे. सत्तर झाले का सोड तो नाद, अन् उन्हाळ्यात घरी ये. मी आहो ना."

पुढे मी "बावन्न" म्हणालो की ते "लय मस्त!" म्हणून ओरडत. भाच्याच्या नकारांनी इतका खूश होणारा मामा मी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच यायचा.

त्रेसष्ट नकारांनंतर एका कंपनीने होकार दिला. विद्यापीठाकडून परवानगीचं पत्रही मिळालं. मी मामाजींना फोन करून सांगितलं. मागे हापशीचा आवाज येत होता.

"सातच कमी पडले," ते म्हणाले. आणि लगेच, "चांगलं झालं बापू. मन लावून काम करजो."

त्यांच्या पोटात तेव्हाच गाठ झाली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते, हे मला कोणी सांगितलं नाही. मामींना त्यांनी शपथ घातली होती. कळलं असतं तर मी सगळं सोडून आलो असतो, हे ते ओळखून होते. जूनमध्ये ते गेले. मी त्या कंपनीत तिसऱ्या आठवड्यात होतो.

डिसेंबरात चिचगडला गेलो. मामींनी फळीवरून एक पुडा काढून माझ्या हातात दिला. वाळलेली तेंदूची पानं होती, सालीच्या दोरीने घट्ट बांधलेली.

"तू आकडा सांगला का तेवढे पानं वाढवत," मामी म्हणाल्या. "सत्तर झाले का माहा भाचा येते, म्हणत."

मी ओसरीत बसून पानं मोजली. त्रेसष्ट. त्यांच्या सवयीने पुन्हा मोजली. एका पानासाठी मामींचा पुडा परत करणाऱ्या माणसाने सात पानं कमी असलेला हा पुडा आपल्या हाताने बांधून ठेवला होता. मी तो पुन्हा तसाच बांधला. आणखी सात नकार आले असते, तर आमची भेट झाली असती.