झाकलेला वेल

मागच्या उन्हाळ्यात परसात कलिंगडाचा वेल लावला. पहिली दोन फळं लिंबाएवढी झाली, पिवळी पडली आणि गळाली. माझा संशय शेजारच्या काकूंवर गेला. धरत्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं, आणि काकू तर रोज कंपाउंडवरून वाकून बघायच्या. मी सगळ्या वेलावर जुनी साडी पांघरली आणि कडेनं विटा ठेवल्या. मग तर एकही फळ टिकेना. म्हणजे बाईची नजर साडीतूनही जाते, असं मी ठरवून टाकलं.

एक दिवस काकूंनीच हाक मारली. साडीखालून निसटलेला एक फाटा कंपाउंडच्या भोकातून त्यांच्याकडं गेला होता आणि त्याला घागरीएवढं कलिंगड लागलं होतं. काकू ते फळ बोट दुमडून दाखवत होत्या.

"तू सगळं झाकून ठेवलंस, मग फुलावर मधमाशी बसणार कशी? तिच्याबिगार फळ धरत न्हाय की."

त्यांनी कलिंगड कापून अर्धं मला दिलं. मी घेतलं, पण कोणतं अर्धं मोठं आहे, ते आधी बघून घेतलं.