अभिनंदनाचा ठराव आणि जानेफळकडची विहीर

विहिरीत पडलेल्या माणसांना आणि जनावरांना बाहेर काढणं, एवढंच आमच्या मंडळाचं काम. अमडापूरजवळच्या आमच्या गावात ते चाळीसेक वर्षांपासून चाललंय. सुरू केलं मामांनी. मामा वांगी-टमाटे पिकवणारे शेतकरी, सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. त्यांचा धाकटा भाऊ विहिरीत पडला तेव्हा काठावर माणसांची गर्दी होती आणि पोहता एकालाही येत नव्हतं. त्याच वर्षी मामा पोहायला शिकले, मग त्यांनी इतरांना शिकवलं. मी शाळेत मास्तर होतो. मला पोहता येत नाही, म्हणून मंडळाचा फोन माझ्याकडे. कुठूनही फोन आला की पोहणाऱ्यांना गोळा करून पाठवायचं, हे माझं काम.

मागच्या हिवाळ्यात निरोप आला, की नागपूरच्या अधिवेशनात विधानसभा आमच्या मंडळाच्या अभिनंदनाचा ठराव करणार आहे. गावात पेढे वाटले गेले. मामा मात्र म्हणाले, "दोघं पोहणारे गावातच ठेवा गुरुजी. सगळेच कायले पाह्यजेत?"

"मामा, एका दिवसात काय होते?" मी म्हणालो. खरं म्हणजे कोणाला मागे ठेवायचं हे मला ठरवता येईना. मंडळाच्या सातही पोहणाऱ्यांना विधानभवन बघायचं होतं. मी खटपट करून सगळ्यांचे पास मिळवले आणि पहाटेच गाडी काढली.

प्रवेशद्वारावर फोन जमा करायला सांगितले. हे मला माहीत नव्हतं. मी शिपायाला म्हणालो, "साहेब, हा फोन बंद ठेवता येत नाही." तो म्हणाला, "इथं सगळ्यांचे फोन असेच असतात." हातात एक टोकन देऊन त्यानं मला पुढे ढकललं.

गॅलरीत गाद्यांच्या खुर्च्या होत्या. खाली सभागृहात कोणी उठून बोलत होतं, कोणी कागद फडकवत होतं. आमचा विषय दुपारच्या आत येणार असं सांगितलं होतं, पण गोंधळ झाला आणि कामकाज तहकूब झालं. पुन्हा भरलं, पुन्हा तहकूब झालं. माझा हात सारखा खिशाकडे जात होता. खिसा रिकामा. समोरच्या घड्याळात मी दर दोन मिनिटांनी बघत होतो. गॅलरीतल्या रखवालदारानं एकदा खूण करून मला सरळ बसायला सांगितलं.

"काऊन इतके चुळबुळ करून राह्यले, गुरुजी?" मामा कानाशी म्हणाले.

"कोणाचा फोन आला असन तर?"

 मामांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला सोसवेना. मी उठलो, "आलोच" म्हणालो आणि बाहेर आलो.

फोन हातात घेतला तर एकाच नंबरवरून नऊ वेळा फोन येऊन गेलेला. मी लावला. पलीकडून एक माणूस ओरडत होता. जानेफळच्या अलीकडच्या शिवारात कापूस वेचायला आलेल्या बाईची दहा वर्षांची मुलगी विहिरीत पडली होती. विहिरीला कठडा नव्हता. "तुमी फोनच उचलला नाई!" तो म्हणाला. "मंग आमी पोऱ्याले मोटरसायकलवर तुमच्या मामाच्या घरी धाडलं."

"मग?" मी विचारलं.

"निघाली. जित्ती हाये. घ्या, बोला."

फोनवर मामांची सून आली. तिला दम लागला होता. "गुरुजी, पोरगी बरी हाये. कपारीले धरून राह्यली होती. पाणी लय प्याली, दवाखान्यात नेली."

"वहिनी, उतरलं कोण?"

"कोण उतरन? मीच उतरली."

मी तिथंच पायरीवर बसलो. वहिनींचं माहेर पैनगंगेच्या काठचं, पोहणं त्या लहानपणीच शिकलेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, "गुरुजी, माह्यं नाव घेता का मंडळात?" मी हसून म्हणालो होतो, "बाईमाणूस विहिरीत उतरली तर लोक काय म्हणतील?" मामांना मी हे कधी सांगितलंच नाही.

आत परतलो तेव्हा ठराव होऊन गेला होता. बाकं वाजली होती म्हणे. मामांनी विचारलं, "काय झालं?" मी गॅलरीतच, हलक्या आवाजात सगळं सांगितलं, दोन वर्षांपूर्वीचंही. मामांचे डोळे भरले. खाली सभागृहाकडे बघत ते म्हणाले, "तिनं मले विचारलं असतं तर मीबी नाईच म्हटलं असतं, गुरुजी."

 परतीच्या वाटेवर, विधानभवनाबाहेर घातलेले सत्काराचे हार गाडीच्या मागच्या सीटवर पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांच्या मळ्यात गेलो. वहिनी वांगी तोडत होत्या. दोन्ही तळहात दोरानं सोलून निघालेले, त्यांवर फडकी बांधलेली. त्या सांगत गेल्या तसं कळलं, की तिथल्या लोकांनी बाजेला चारही बाजूंनी दोर बांधून ती खाली सोडली होती. मुलीला त्या बाजेवर ठेवून वर ओढलं, आणि मग वहिनी घरून नेलेला मंडळाचा दोर धरून स्वतः चढून आल्या.

मी म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं. तेव्हाही आणि कालही."

त्यांनी टोपली खाली ठेवली. रागावल्या नव्हत्या, पण हसल्याही नाहीत. "दोर लय जुना झाला हाये, गुरुजी," त्या म्हणाल्या. "मधात एका जागी उकलला हाये. मी लटकली होती तवा मले दिसत होता. कोणी पाह्यला कसा नाई?"

दोराची तपासणीही माझ्याकडेच होती. 

"अन् त्या विहिरीले कठडा नाई," त्या म्हणाल्या. "ते लोक हप्ताभर तिथंच वेचणार हायेत. ती माय पोरीले घेऊन पुन्हा त्याच वावरात येईन."

"मी बोलतो त्या वावरवाल्याशी."

"बोलता कवा?"

मी मोटरसायकल काढली. वहिनी फडकी बांधलेले हात पदराला पुसत मागे येऊन बसल्या, आणि आम्ही जानेफळच्या रस्त्याला लागलो.