गेटवरची काळी चिंधी

काकूंनी ओठांवर बोट ठेवून कधी कुणाला गप्प केलं नाही. त्या डाव्या हाताची मूठ करायच्या आणि तिच्यावर उजवा पंजा पालथा ठेवायच्या, दुधाच्या गंजावर झाकण ठेवावं तसा. एवढ्यावर आमच्या सडकेचा आवाज बंद होत असे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी वर्ध्याहून भिलाईला आले, ती काकूंच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या क्वार्टरमध्ये. पहिल्याच सकाळी ओसरीत उभं राहून मी नवऱ्याला मोठ्याने विचारलं, दूध किती घ्यायचं? कठड्यापलीकडून एक मूठ वर आली, तिच्यावर पंजा बसला आणि मागून आवाज आला, "झाकण ठेव वं पोरी. तीन घरं झोपून राहिले."

भिलाईसारख्या पोलादाच्या प्लांटच्या गावात दिवसा झोपणाऱ्यांची संख्या मोठी असते. रात्रपाळी करून आलेला माणूस सात वाजता आडवा होतो आणि नेमकं तेव्हाच बाकीचं गाव उठतं. काकूंच्या यजमानांची, म्हणजे काकांची, रोलिंग मिलमध्ये बावीस वर्षं अशीच गेली होती. त्यावर काकूंनी एक पद्धत बसवली होती. ज्या घरचा माणूस नाईट करून झोपला असेल, त्या गेटच्या वरच्या दांडीला काळी चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घंटी वाजवायची नाही, हाक मारायची नाही, पोरांनी तिथे क्रिकेट खेळायचं नाही. भाजी घेऊन येणारी छत्तीसगढी बाईसुद्धा आमच्या वळणावर ओरडणं थांबवायची आणि टोपली उतरवून आधी काकूंना विचारायची, "आज कोन-कोन सूते हे दाई?"

मला याद्या करायची सवय पहिल्यापासून. स्वयंपाकघरात वाणसामानाची, दाराच्या मागे कामांची. काकूंनी ते हेरलं. "तू कागद करते न? मग एक कागद मलेही कर." तेव्हापासून दर रविवारी मी आठ घरांच्या पाळ्यांचा तक्ता करून कठड्यावरून त्यांच्याकडे द्यायची. त्या तो देवघराच्या खाली खिळ्याला अडकवायच्या. "वर देव, खाली ड्युटी," असं त्यांनीच एकदा हसत सांगितलं.

माझ्या नवऱ्याला नाईट लागली तेव्हा काळ्या सॅटिनचा जाड पडदाही त्यांनीच शिवून दिला. मी म्हटलं, डोळे मिटले की झालं, एवढा अंधार कशाला? त्यांना ते पटलं नाही. "डोळे मिटले म्हणून डोक्याले समजते काय रात्र झाली म्हणून? डोक्याले अंधार लागते." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शाळा त्यांची चौथीपर्यंत झालेली होती. बावीस वर्षं एक माणूस उजेडात तळमळताना त्यांनी पाहिला होता, तेवढाच अभ्यास.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळ्या मोहल्ल्याला शिस्त लावतात, आणि शिस्त लावल्याबद्दल कुणाला त्यांचा राग येत नाही.

मग तो डिसेंबरचा दिवस आला.

काका सकाळी ड्युटीवरून आले, चहा प्यायले, उजव्या हाताला मुंग्या आल्यासारखं वाटतं म्हणाले. काकू म्हणाल्या, "थकले तुम्ही, झोपा." त्यांनी पडदा ओढला, गेटला चिंधी बांधली आणि ओसरीत तांदूळ निवडत बसल्या. साडेअकराच्या सुमारास मला मधल्या भिंतीपलीकडे पेला पडल्याचा आवाज आला. थंडीचे दिवस, कूलर बंद, त्यामुळे स्वच्छ ऐकू आला. मग भिंतीवर दोनतीन थापा. मी हातातलं लाटणं ठेवून त्यांच्या गेटपर्यंत गेले. गेटवर चिंधी होती. ओसरीतून काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मुठीवर पंजा ठेवला. मी परत फिरले.

चार वाजता त्या चहासाठी उठवायला गेल्या तेव्हा काकांचं तोंड वाकडं झालेलं होतं. उजवा हात, उजवा पाय निर्जीव. डोळे उघडे. बोलता येत नव्हतं. पेला पलंगाखाली पडलेला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधी झालं?" काकू म्हणाल्या, "मले माहीत नाई. झोपले होते." मी त्यांच्या मागे थर्मास घेऊन उभी होते. मला वेळ माहीत होती. मी बोलले नाही. लवकर आणलं असतं तर काही झालं असतं का, हे तेव्हा मला कळत नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, की मेंदूला रक्त नेणारी नस बंद पडली आहे, आता किती परत येईल ते हळूहळू कळेल.

वॉर्डात दिवे बंद होत नसत. पेशंटवर लक्ष ठेवायचं तर ते बरोबरच होतं. काकूंना मात्र ते सहन होईना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी उरलेल्या सॅटिनची एक पट्टी शिवून आणली आणि सूर्य मावळला की काकांच्या डोळ्यांवर बांधायला लागल्या. केरळची एक सिस्टर होती, ती म्हणाली, "माताजी, हमको आँख चेक करना पड़ता है." काकू म्हणाल्या, "करो ना. देखो और वापस ढाँक दो. बर्तन का ढक्कन खोलके देखते नहीं क्या?" आठ दिवसांनी ती सिस्टर स्वतःच पट्टी नीट बांधून देऊ लागली.

काका घरी आले तेव्हा काकूंनी त्यांचा दिवस नव्याने बांधला. सकाळी सात वाजता अंगणात खुर्ची, पेरूच्या झाडापाशी, तोंड उन्हाकडे. संध्याकाळी सात वाजता पडदा. त्यानंतर टीव्ही नाही, ट्यूबलाइट नाही. प्लांटमध्ये स्लॅग, म्हणजे लोखंडाचा वितळलेला मळ, ओतला की आमचं आभाळ लाल व्हायचं, तेवढाही उजेड आत येऊ नये म्हणून पडद्याच्या कडा त्यांनी खिळ्यांनी ठोकल्या. येणारे-जाणारे चिडवायचे, "काकू, काकांची नवीन ड्युटी लावली का?"

"हो तर. बावीस वर्षांत पहिल्यांदा जनरल शिफ्ट भेटली त्याईले, दिवसाची."

मी एकदा डॉक्टरांना विचारलंही, या अंधाराचा काही उपयोग आहे का? ते हसून म्हणाले, "नुकसान तर नाही. झोप चांगली गोष्ट आहे. व्यायाम चुकवू नका." व्यायाम काकूंनी एक दिवसही चुकवला नाही.

माझ्याकडे काम आलं ते शब्दांचं. "परत आलेला शब्द लिहून ठेवत जा," त्या म्हणाल्या. जुन्या ड्युटी-तक्त्यांच्या पाठीमागे मी लिहायला लागले. पहिला शब्द, नाई. दुसरा, चहा. मध्ये तीन आठवडे काहीच नाही. तिसरा शब्द मिलमधल्या एका फोरमनला उद्देशून होता आणि तो लिहिताना माझा हात थांबला. काकू पदराआड हसत म्हणाल्या, "लिही, लिही. शब्दच हाय तो. आणि पुरा आला पाहा, एक अक्षर नाई सुटलं!"

पण या यादीची त्यांना एवढी घाई का होती ते मला मार्चमध्ये समजलं. भाकरीचं पीठ मळता मळता त्या एकदम म्हणाल्या, "बोलता आलं न त्याईले, तर एकच गोष्ट विचारीन. त्या दिवशी मले आवाज दिला होता का."

मला पुढे ऐकवेना. तीन महिने पोटात ठेवलेलं सगळं मी बाहेर काढलं. साडेअकरा वाजले होते. पेला पडला होता. भिंतीवर थापा पडल्या होत्या. मी गेटपर्यंत आले होते.

काकू पीठ मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहीत हाय मले. मीच तर तुले परत धाडलं."

"म्हणजे तुम्हाला..."

"पेल्याचा आवाज आला न मलेही. म्हटलं, मांजर असंल. म्हटलं, आत गेली तर झोप मोडंल त्याईची. अख्ख्या सडकेले मी शिकवलं, नाईटच्या माणसाले उठवू नका. मग मीच कशी उठवू?" त्यांनी पिठाचा गोळा परातीत दाबला. "तू कावून रडते? तू तर आली होती."

त्यानंतर त्यांनी गेटवरची चिंधी काढली ती बांधलीच नाही. सडकेवरच्या बाकीच्या गेटवर मात्र दिसायची. पद्धत त्यांची, पण फक्त त्यांचं गेट मोकळं.

पावसाळा संपला तेव्हा यादीत एकेचाळीस शब्द होते. काका काठी घेऊन पेरूपर्यंत चालत होते. एका सकाळी मी तक्ता द्यायला गेले, तर काकू काकांच्या खुर्चीपाशी खाली बसलेल्या, गुडघ्यावर डाव्या हाताची मूठ. मला पाहूनही थांबल्या नाहीत. मी तिथे असावं असंच त्यांना वाटत असावं.

"सांगा न. त्या दिवशी तुम्ही मले आवाज दिला होता न?"

काकांचे ओठ हलले. एकेचाळीस शब्दांपैकी एक बाहेर येईल म्हणून मी तक्ता हातात धरून उभी होते. त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. मग सोडून दिला. चांगला असलेला डावा हात उचलला, पुढे आणला आणि काकूंच्या मुठीवर पालथा ठेवला.

झाकण.

काकूंनी मूठ हलवली नाही. पेरूवर पोपट आले, गेले. शेवटी काकाच म्हणाले, "चहा." "ठेवते," म्हणून त्या उठल्या आणि आत जाऊन बराच वेळ त्यांनी गॅस पेटवला नाही.

काकांची मुदतीआधी निवृत्ती, मग क्वार्टर सोडणं. ते दोघं वैशाली नगरात दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात गेले. काका आणखी सात वर्षं जगले, शेवटपर्यंत पेपर वाचत, शिव्या स्पष्ट देत आणि रात्री गाढ झोपत.

ते गेल्यानंतर मी एका दुपारी काकूंकडे गेले तर गेटच्या दांडीला काळी चिंधी. इतक्या वर्षांनी. मी चक्रावले. घरात दुसरं कुणी नव्हतं. मग कोण झोपलं आहे? हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला. जुनी सवय. परत फिरण्यासाठी मी एक पाऊल टाकलंही. मग मला भिंतीवरच्या त्या थापा आठवल्या. मी कडी खणखण वाजवली आणि सगळी गल्ली ऐकेल अशी हाक मारली, "काकू!"

केस सुटलेले, डोळे चोळत त्या बाहेर आल्या. "कावून बोंबलते वं? चिंधी नाई दिसली तुले?"

"दिसली. म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील. पण त्या गेट उघडत म्हणाल्या, "बरं केलं. मीच झोपली होती. इतके वर्षं त्याईच्या झोपेची राखण केली, आता आपली पाळी." आणि चहा पिताना पुन्हा, "बरं केलं बाई. अशीच येत जा. चिंधी पाहून थांबायचं नाई."

पुढे दर पंधरवड्याला मी तशीच जायची आणि तशीच ओरडायची. शेजारी वैतागले. काकूंनी त्यांनाही समजावलं असणार, कारण पुढे पुढे शेजारची बाईच खिडकीतून म्हणायची, "जोर से आवाज लगाओ, गहरी नींद में हैं."

काकूंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या महिन्यात पेपरात एक लेख आला. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होतं, उजेडात ते थांबतं. झोपेची वेळ शरीराला त्यातूनच कळते. पक्षाघातानंतर मेंदूच्या पेशींची जी नासधूस होते, ती या द्रव्यामुळे कमी होईल का, यावर शास्त्रज्ञ काम करत आहेत. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत आशा दिसते, माणसांत अजून सिद्ध झालेलं नाही. 'सिद्ध झालेलं नाही' याखाली मी रेघ मारली, कारण काका कशामुळे सावरले ते मला माहीत नाही. व्यायामामुळे असेल. नशीब असेल. पण 'डोक्याले अंधार लागते' हे वाक्य मी लेखाच्या कडेला लिहिलं आणि कात्रण पर्समध्ये ठेवलं.

मागच्या आठवड्यात वैशाली नगरात काम होतं. सात कामांची यादी होती, त्यात हे नव्हतं. तरी मी त्या घरावरून गेले. आता तिथे दुसरे लोक राहतात. भिंतींना नवा रंग आहे, घंटी नवीन आहे. गेट मात्र तेच, त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. वरच्या दांडीवर, डाव्या बाजूला, बोटभर रुंदीचा एक पट्टा आहे. तेवढ्यात रंग उडालेला, लोखंड गुळगुळीत झालेलं. काकू रोज तिथेच गाठ मारायच्या, तिथेच सोडायच्या.

मी त्यावर पंजा ठेवला. ऊन होतं, लोखंड तापलेलं होतं. थोडा वेळ तसाच राहू दिला.