सुकंबाई

पहिल्याच भेटीत माणसाच्या काखेत हात घालणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ना नमस्कार ना चमत्कार. पेशंट खाटेवर आडवा झाला रे झाला की बाईंचा हात त्याच्या काखेत. मग बोटं एकमेकांवर चोळायच्या आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायच्या, "सुकं नाय अजून." मी पेणहून रोह्याच्या दवाखान्यात नवी सिस्टर म्हणून लागले, तेव्हा तिथल्या या जुन्या सिस्टरबाईंचं डोकं जरा सरकलेलं आहे अशीच माझी समजूत झाली.

डोकं चांगलं जागेवर होतं. आमच्याकडे फवारणीचं औषध अंगात भिनलेली माणसं यायची. काही चुकून, काही मुद्दाम. बाई कुणाला ते विचारायच्या नाहीत. अशा माणसाला सगळीकडून पाणी सुटतं. घाम, लाळ, डोळ्यांना धारा, आणि आत छातीतही. बसल्या जागी बुडतो म्हणा ना. त्यावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन. ते पुन्हा पुन्हा देत तो ओलावा सुकवत आणायचा. छाती डॉक्टर तपासायचे, काख बाई बघायच्या. पण हे इंजेक्शनही साधंसुधं नाही. कमी पडलं तर माणूस जातो, आणि जास्त झालं तर अंग तापतं, लघवी अडते, छाती धडधडते, माणूस भ्रमतो. बाई म्हणायच्या, "वलं मारतं गो, आनि फार सुकं पन मारतं. मधी धरायचं."

सुकंबाई हे नाव त्यांना धरमतरकडच्या एका कोळणीनं दिलं. बहिणीच्या मुलापाशी बसली होती बिचारी. बाई खाटांमधून फिरत आल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "सुकं हाय का?" तिला वाटलं, सिस्टर सुकी मासळी मागतेय. म्हणाली, "सुकं सरलं गो बाय, उद्या आनतंय तुला." आणि खरंच दुसऱ्या दिवशी कागदात बांधून सुके बोंबील घेऊन हजर! अख्ख्या वॉर्डात वास. बाईंनी ते मुकाट्यानं घरी नेले, भाजून खाल्ले, आणि तिला बरे होते म्हणून कळवलंही. तेव्हापासून डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी सुकंबाई. तोंडावर मात्र आम्ही नुसतं बाई म्हणायचो.

बाई बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. आजोबा तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून घराण्याला लोक शनवार तेली म्हणत. भाऊ, चुलते, मावश्या, सगळं गणगोत कधीच इस्रायलला गेलं. बाई आजारी आईसाठी मागे राहिल्या आणि आई गेल्यावरही गेल्या नाहीत. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घरी जाऊन तेलाचा दिवा लावायचा, एवढं मात्र चुकायचं नाही. त्यासाठी ड्यूटी माझ्या गळ्यात टाकायच्या. तुमच्यात प्रार्थना कशी करतात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दहा बाप्ये जमल्याबिगर आमची पुरी प्रार्थना होत नाय. रोह्यात शोधून दोन मिळतील, त्यातला एक बहिरा." मी हसले. त्याही हसल्या, पण माझ्या आधी थांबल्या.

दिवसभर त्या कामापुरतंच बोलायच्या. बोलायच्या त्या भ्रमलेल्या माणसांशी. इंजेक्शन चढलं की माणसं हवेतले धागे ओढतात, तिथे नसलेल्यांना हाका मारतात. आम्ही बाकीच्या "गप पडा" म्हणून त्यांचे हात धरायच्या गडबडीत. बाई ओ द्यायच्या. कुणी ताई म्हटलं तर ताई, कुणी मावशी म्हटलं तर मावशी. "हाय मी. हितंच हाय." मी म्हटलं, बाई, हे काय नाटक? तर म्हणाल्या, "तो एकटाच पडलाय गो तिकडं. कोनीतरी ओ नको द्यायला?" मला ते कधी जमलं नाही. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि लाज वाटायची.

काळूरामचं सांगते. निडीच्या बाजूच्या कातकरी वाडीवरचा तरणा गडी. एरवी कंपनीत कंत्राटी कामाला, गुरुवारच्या सुट्टीला कुणाच्या तरी कलिंगडांवर फवारणी करायला गेला. पाठीवरचा पंप गळत होता. अंगभर औषध निथळलं, आणि दुपारी तो तोंडाला फेस येऊन बांधावर पडला. बायको मंगळी आणि थोरला भाऊ चंदर त्याला रिक्षात घालून घेऊन आले. आम्ही कपडे उतरवले, साबणानं अंग धुतलं, इंजेक्शन सुरू केलं. कपडे लांब टाकून दे, असं बाईंनी मंगळीला बजावलं.

रात्र गेली, दुसरा दिवस वर आला, इंजेक्शनामागून इंजेक्शनं गेली, पण काख काही सुकेना. जरा सुकली म्हणावी तर पुन्हा ओली. डॉक्टरही बुचकळ्यात पडले. पोटात तर काही गेलं नव्हतं. बाई त्याच्या उशाशी वाकल्या, तर त्यांना फवारणीच्या औषधाचा वास आला. मग त्यांनी उशीच्या खाली हात घातला. नीट घडी केलेला निळा शर्ट बाहेर आला. कंपनीचा. कालच्या औषधानं भिजलेला तो वाळून तिथे गेला होता आणि काळूरामच्या घामानं पुन्हा ओला होऊन त्याच्या मानेला लागत होता.

मंगळीला रडू फुटलं. बाहेर टाकला असता तर कुणी नेला असता, आणि तो शर्ट अंगात नसला तर गेटवर आत घेत नाहीत. नवरा बरा झाला की कामावर जाईल म्हणून तिनं तो त्याच्याच डोक्याखाली जपून ठेवला होता. मी तिला फाडून खाणार होते. बाई म्हणाल्या, "तिला नको बोलू. तो बरा व्हनार म्हनूनच ठेवलान ना तिनं?"

शर्ट गेला, मान आणि केस पुन्हा धुतले. वरून भिनणारं विष थांबलं, पण अंगात इंजेक्शन मात्र आधीच्या हिशेबानं गेलेलं. काख सुकली, आणि मग नको तितकी सुकली. अंग भट्टीसारखं, डोळे टक्क उघडे, आणि काळूराम खाटेवर बसून हवेत काहीतरी पकडू लागला. डॉक्टरांनी तपासून इंजेक्शन थांबवलं, लघवीची नळी घातली. भ्रम उतरेल, पण विष पुन्हा डोकं वर काढू शकतं, नजर हलवू नका, म्हणाले.

इकडे चंदर बिथरला. कालपर्यंत भाऊ नुसता आजारी होता, आज सुईनं त्याला वेडा केला. याला भगताकडे नेतो म्हणून तो नळ्या काढायला पुढे सरसावला. आमचा वॉर्डबॉय अडवायला गेला, तर त्याला ढकलून दिलं. बाईंनी आवाज चढवला नाही. चंदरचा हात मनगटाला धरला आणि सरळ भावाच्या काखेत घातला.

"बघ. सुकं हाय ना? म्हंजे इख हटलं. आता बोलतंय ते इंजेक्शन, ते पन उतरंल. पन वाटंत इख परत वर आलं, तर रिक्षात कोन सुई देनार? भगताला हितं आन. मी खुर्ची देते त्याला."

चंदर हात तसाच ठेवून उभा राहिला. तेवढ्यात काळूराम ओरडला, "आये, चिंबोरी सुटली!" भ्रमात नदीवर खेकडे पकडत होता तो. त्याची आई लहानपणीच वारलेली, हे चंदरनंच मागून सांगितलं. बाई खाटेवर टेकल्या. "धरली रं. टोपलीत टाकली. दुसरी बघ." चंदर खाटेपाशी खाली बसला.

तो शुक्रवार होता. उन्हं उतरली तेव्हा मी म्हटलं, बाई, मी बसते, तुम्ही जा, दिव्याची वेळ झाली. त्यांनी मान हलवली. "दिवा मला हाक नाय मारीत गो." काळूराम झोपेपर्यंत त्या चिंबोऱ्या धरत होत्या.

एक-दोन दिवसांनी तो ताळ्यावर आला. पेज प्यायला, मंगळीवर खेकसला. बाईंनी काखेत हात घातला तर अंग चोरून म्हणाला, "काय करता सिस्टरबाई?" त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला वळखत नाय, म्हंजे बरा झाला." दुसऱ्या दिवशी त्यांनी मलिदा करून आणला. गोड पोहे, वर खोबरं. त्यांच्यात नवस फिटला की करतात तसा. मंगळीच्या ओंजळीत पहिला घास. नवस कधी केला होता, कोण जाणे.

निवृत्तीनंतर गुडघे गेले, एकटीला जिना उतरवेना. तेव्हा भाच्यानं त्यांना तिकडे इस्रायलला नेलं. निघताना घराच्या चौकटीला हात लावून तो ओठांना लावला आणि मला म्हणाल्या, "तिथं समदे आपले हायेत म्हनतात. बगू." माझी पेणला बदली झाली होती. फोन यायचे, हळूहळू कमी झाले. एकदा म्हणाल्या, भाच्याची पोरं गोड आहेत, पण मी काय बोलते ते त्यांना कळत नाही.

परवाच्या शिमग्याच्या सुमारास भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडेच जन्मलेला माणूस, मराठी त्याला 'जेवलीस का' एवढीच येते. इंग्रजीत सांगू लागला, आत्याला ताप चढलाय, भ्रम झालाय, सारखं काहीतरी विचारते, इथल्या नर्सना समजत नाही, मलाही समजत नाही. त्यानं फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. बाई किती लहान झाल्या होत्या! बोटं पांघरुणावर फिरत होती.

"सुकलं का गो?" त्यांनी विचारलं.

"सुकलं, बाई," मी म्हटलं. "शर्ट पण काढला."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघता बघता त्यांची नजर माझी ओळख सोडून लांब कुठेतरी गेली.

"आये," त्या म्हणाल्या, "दिवा लावलास?"

पेणच्या वॉर्डात, भर दुपारी, चार पेशंट आणि त्यांची माणसं माझ्याकडे बघत होती. ज्या बाईंशी मी जन्मात कधी अरेतुरे केलं नाही, त्यांना मी म्हटलं, "व्हय गो, लावला. हाय मी. हितंच हाय."

बोटं थांबली. भाचा मला विचारत होता, ती काय म्हणाली, काय म्हणाली.