म्यूट मॅडम

ऐन रंगात आलेल्या टीव्हीचा आवाज बंद करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. धुळ्याच्या शाळेत सहावीला त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. शनिवारी शेवटच्या तासाला डिजिटल वर्गात कार्टून लावायच्या आणि आम्ही पुढे सरकून बसलो की रिमोट उचलून आवाज घालवायच्या. सगळा वर्ग कुरकुरायचा. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं म्यूट मॅडम. स्वतः मात्र अखंड बोलायच्या.

आवाज गेला की प्रश्न सुरू. यातला मूर्ख कोण? आम्ही एका सुरात सांगायचो, तो जाडा, काळा, मुंडासंवाला. "त्याने अजून तोंडही उघडलेलं नाही. कसं कळलं रे तुम्हाला?" या 'कसं कळलं'ने त्यांनी आमचा जीव नकोसा केला होता. कधी उलट करायच्या. पडद्यावर स्वतःची ओढणी टाकायच्या आणि नुसता आवाज ऐकवायच्या. तेव्हाही नोकर लगेच ओळखू यायचा, कारण तो गावाकडचं बोलायचा. राजकन्या तसं बोललेली आम्ही कधी ऐकली नाही.

एकदा कार्टूनमध्ये ढेरपोट्या, कंजूष शेठजी आला. आमच्या वर्गातला नमन मारवाडी, वडिलांचं कापडाचं दुकान. तो फणकाऱ्याने म्हणाला, "माझे पप्पा तर बारीक आहेत." मॅडमनी विचारलं, "आणि कंजूष?" नमनने अगदी प्रामाणिकपणे विचार केला. "थोडेसे," तो म्हणाला. "थोडेसे माझे वडीलही होते," मॅडम म्हणाल्या, "आणि आम्ही जामनेरकडचे शेतकरी." पुढच्या शनिवारी त्यांनी विचारलं, या गोष्टीत कोण नाहीच? सुमैयाने हात वर केला आणि म्हणाली, "मी." मॅडमनी कार्टून तिथेच बंद केलं.

मी या सगळ्यात ऐकणारी. आम्ही साक्रीकडच्या खेड्यातून आलेलो. वडिलांना नरडाण्याच्या कारखान्यात काम लागलं म्हणून धुळ्यात खोली घेतली होती. घरात अहिराणी. शाळेतल्या पहिल्याच आठवड्यात मी 'का' म्हणायच्या जागी 'काबरं' म्हणून गेले, आणि वर्ग अगदी त्या कार्टूनमधल्या नोकराला हसावं तसा हसला. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप घातलं. आई तर पालकसभेला येऊन नुसती मान हलवायची. घरी म्हणायची, "मन्हं बोलनं ऐकीसन तुले हसतीन."

स्नेहसंमेलनासाठी मॅडमनी स्वतः नाटक लिहिलं. एक राणी, तिची मोलकरीण आणि दुष्काळात सापडलेलं राज्य. मला राणी व्हायचं होतं. तिचे संवाद मी चोरून पाठ केले होते आणि भाकरी थापणाऱ्या आईसमोर रोज राज्य करत होते. भूमिका वाटताना मॅडम हसून म्हणाल्या, "कविता, मोलकरीण तू. तुझ्या बोलीने धमाल येईल." वाईट हेतू मुळीच नव्हता, उलट कौतुकच होतं. पण मी मोलकरणीच्या संवादांचा कागद न वाचताच दप्तरात कोंबला. घरी आईला सांगितलं तर ती "बरं शे" एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

दुसऱ्या दिवशी तालमीत राणी झालेली गोरीपान मुलगी मुकुट घालून उभी राहिली आणि तिच्या शेजारी सावळी मी, हातात झाडू. मी म्हणाले, "मॅडम, एकदा आवाज बंद करून बघा ना."

मॅडमनी आम्हा दोघींकडे पाहिलं. मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हे तर मीच लिहिलंय गं." त्यांचं शिकवलेलं त्यांच्यावरच उलटलं होतं, आणि त्याचा त्यांना रागाऐवजी आनंद झाला. राणीचे संवाद कोणाला पाठ आहेत, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. मी घडाघडा म्हणून दाखवले, तेही अहिराणीत, कारण आईला कळावं म्हणून मी ते घरच्या बोलीत फिरवून पाठ केले होते. मुकुट माझ्या डोक्यावर आला आणि मॅडमनी संवाद तसेच ठेवले. मोलकरणीचा नोकर झाला आणि तो नमनने शुद्ध पुस्तकी मराठीत वठवला.

संमेलनाच्या दिवशी मी तोंड उघडलं आणि मागच्या बाकांवरून हशा आला, सवयीचा. मी थांबले. पडद्याआड मॅडम ओढणीचं टोक पिळत होत्या. हशा विरल्यावर मी पुढचं वाक्य म्हटलं, "आठे बठ्ठा मन्हाच शेतस. कोनी परका नही." इथे सगळे माझेच आहेत, कोणी परकं नाही. मग कोणी हसलं नाही. नाटक संपल्यावर आई सरळ मॅडमकडे गेली आणि गेटपाशी उभी राहून बोलत सुटली. पाऊस, गाव, माझं लहानपण, सगळं अहिराणीत. आमची साक्रीकडची बोली जामनेरच्या मॅडमना निम्मी कळत नव्हती, पण त्यांनी तिला एकदाही थांबवलं नाही.

पुढच्या जूनमध्ये मॅडमची बदली झाली, त्या जामनेरकडे गेल्या. मी खूप रडले. त्यांच्यासारख्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत. आता मी कॉलेजात आहे. आई आणि मॅडम मात्र अजून फोनवर बोलतात, म्हणजे आई बोलते आणि मॅडम ऐकतात. परवा मी अभ्यासाला बसले होते, तिचा आवाज टिपेला गेला होता. मी म्हटलं, आई, आवाज जरा कमी कर.

फोनवर हात न ठेवता, माझ्याकडे वळून ती म्हणाली, "काबरं करू?"