म्हणे लाजतेय!

काल भाचीला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाल्यावर दादाने सगळ्यांसमोर तिला विचारलं, "मुलगा पसंत आहे ना?" तिने मान वर करून स्पष्ट सांगितलं, "नाही."

मुलाची आई हसली. "लाजतेय!" मग अख्खी बैठक हसली.

माझं डोकंच फिरलं. "दादा, ती नाही म्हणालीय!"

"अगं, मुली असंच म्हणतात," म्हणत तो पेढे आणायला उठलासुद्धा.

शब्द खणखणीत होता, सगळ्यांच्या कानावर पडला होता. पण ऐकणाऱ्यांनी मनात 'नाही'ला जागाच ठेवली नसेल, तर तो पोचणार कुठे? आणि मग विचारायचं तरी कशाला?

पाहुणे गेल्यावर कपबश्या विसळताना तिने हळूच विचारलं, "आत्या, मी मराठीतच बोलले ना?"