लांब बसून ऐकणारी काकी

काकीची हाक मासळीबाजारातून थेट बंदरावरच्या होड्यांपर्यंत जायची, असं आमच्या वेसाव्यात सगळे म्हणायचे. ती ह्यांची काकी. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून आमच्याकडेच राहायची. पुढे निघून गेलेलं गिऱ्हाईक ती नुसत्या हाकेने परत आणायची. "अगो ताई, पापलेट तुझ्याकडं बघतंय नि तू कुठं चाललीस?" बाई हसत मागे फिरायची.

मी या घरात आले ती खाली मान घालून. चौथीनंतर शाळा सुटली, तशी लोकांसमोर बोलायची सवयही सुटली. काकी मला मुकी म्हणायची. पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. नुसती कुजबुज राहिली. इस्पितळातून घरी येताना रिक्षात माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आता घरात दोन मुक्या. माझ्या पुतण्याचं नशीब उघडलं." ती हसत होती. मला हसता आलं नाही.

सुक्या मासळीच्या पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीत एक जाड कादंबरी निघाली. कव्हर फाटलेलं होतं. गोष्ट मुंबईतलीच. एक भूत गाणाऱ्यांचे आवाज चोरतं. ज्याचा आवाज गेला, त्याच्या घरातली भांडी त्याचंच गाणं गुणगुणत राहतात, आणि एक इन्स्पेक्टर बाई ती ऐकत ऐकत चोराचा माग काढते. पुड्या बाजूला ठेवून मी वाचत बसले होते. काकीने पकडलंच. "काय आहे त्यात?" मी लाजत सांगितलं. ती पाट ओढून बसली. "वाच. मोठ्यानं."

मग रोज संध्याकाळी वाचन. पुस्तकातली माणसं ती मासळीसारखी पारखायची. तबलजी आला की म्हणायची, "शिळा आहे तो. कल्ले बघ त्याचे." इन्स्पेक्टर बाई मात्र ताजी.

पण ती एका जागी बसायची नाही. आधी शेजारी, मग उंबऱ्यावर, मग अंगणात, मग गल्लीपलीकडे जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या ओट्यावर. तिथून हात हलवायची, ऐकू येत नाही म्हणून. तिचे कान चांगले होते, मला माहीत होतं. ती माझा आवाज बाहेर काढत होती. बाजारातली जागा तिला सासूकडून मिळाली होती, ती तिला मला द्यायची होती. मुक्या बाईला ती जागा चालवता आली नसती.

एकदा नेमकं प्रेमाचं पान आलं. शेजारची हिरा दारातून ओरडली, "अगो, ही बोलते पण? आणि बोलते तर हे?" गल्लीभर हशा. मी पुस्तक मिटून आत पळाले. काकी मागोमाग आली. "त्यांना ऐकायची लाज नाय, मग तुला वाचायची कसली?"

पुस्तक निम्म्याच्या पुढे गेलं तेव्हा तिने मला बाजारात नेलं. टोपली मांडली, मासळीवर पाणी मारलं. "गल्लीपलीकडे पोचतेस. इथं तर गिऱ्हाईक हाताशी आहे. बोल."

एक बाई थांबली. "कसे दिले?"

भाव मला माहीत होता. मी तोंड उघडलं, पण काही आलंच नाही. काकीने कुजबुजून सांगितलं, ते त्या बाईला कळेना. "काय? काय म्हणताय?" काकीने मला कोपराने ढोसलं. "ओरड गो, जाईल ती!" मी पदर तोंडाला लावला. बाई पलीकडच्या टोपलीकडे गेली. बर्फ वितळून गेला तरी पापलेटं तशीच होती.

पुढचे काही दिवस असेच गेले. मग काकीने जागा आपल्या भाचीला दिली.

त्या संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसले आणि गल्लीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्याने सुरू केलं. लाज वाटत होती म्हणून जास्तच मोठ्याने. काकी येऊन माझ्या शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

"हळू वाच गो. आता कुठवर पोचायचंय आवाजाला?"

शेवटी गाणाऱ्यांना त्यांचे आवाज परत मिळतात. ते पान वाचताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

काकीला जाऊन वर्ष झालं. तिच्या जागेवर भाची बसते, छान ओरडते. मी मासळी घ्यायला जाते. ती विचारते, "काय देऊ गो वहिनी?" आजूबाजूच्या बायका वळून बघतात. मी बोटाने दाखवते.